किट कारचे दरवाजे: गॅप काही केल्या जुळेना

गाळा_नंबर_सात
मंडळी, वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात एक उघडी टू-सीटर किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) उभी राहतेय. स्क्वेअर पाइपची चासी (सांगाडा), सिलला (दाराखालच्या आडव्या कडेला) दोन्ही बाजूंना एकेकच ५०×५०×२ चा पाइप. फायबरची बॉडी १२ बोल्टांवर बसवली आहे. दरवाजे किटबरोबर तयार आले, आतली-बाहेरची कातडी (फायबरचे पातळ पत्रे) आधीच चिकटवलेली. इंजिन-गिअरबॉक्स अजून बाहेरच आहे, चासी घोड्यांवर (स्टँडवर).

डाव्या दाराची मापं (मिमी): लांबी ९४०, उंची ४८०, बिजागऱ्यांमधलं अंतर २६०, वरची खालपासून ३७० वर, खालची ११० वर. दोन्हींमागे आत्ता २ मिमीचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे).
पुढची फट: वर ७, खाली ४.
मागची फट: वर ३, खाली ६.
मागचं टोक सिलच्या रेषेपेक्षा ६ खाली. शिवाय मागचा वरचा कोपरा बॉडीपेक्षा ६ बाहेर, बाकी तीन कोपरे सपाटीत.

पेंटर म्हणतो, "जिथे कमी तिथे घासू, जिथे जास्त तिथे लांबी (पुट्टी) भरू." बिजागरीची भोकं लांबट करून दार ओढून घ्यावं असा दुसरा सल्ला. काय करावं?

चहाबाज
मी पयला. दाराला तोरण बांधा, गॅप कोण बघतंय.

मिमी_मोजणारा
पेंटरच्या हातातून ग्राइंडर काढून घ्या, मग पुढचं वाचा.

तुमच्याच आकड्यांची बेरीज करा. वर ७ + ३ = १०. खाली ४ + ६ = १०. दोन्हीकडे सारखी. म्हणजे दार आणि दाराची चौकट आकाराने एकमेकांना जुळतात, कुठेही घासायचं कारण नाही. दार नुसतं फिरलंय. पडताळा बघा: ४८० उंचीत ३ मिमीचा कल, तर ९४० लांबीवर ३ × ९४० ÷ ४८० = ५.९. तुम्ही मागचं टोक ६ खाली मोजलंय. गणित आणि पट्टी एकच सांगतायत.

बिजागऱ्यांच्या २६० अंतरावर हाच कल १.६ मिमीचा होतो. खालच्या बिजागरीमागे १.६ म्हणजे १६ गेजचा पत्रा घाला, मागचं टोक उचललं जाईल.

फायबरअण्णा
मोजणारे साहेब, अर्धंच सांगितलंत. फक्त खाली १.६ घातलं तर दार सरळ होईल पण मागे सरकेल. पुढे वर-खाली ६.३ आणि मागे वर-खाली ३.७ अशी फट राहील. दोन्हीकडे ५ हवी असेल तर वरच्या बिजागरीमागून १.३ काढा आणि खाली फक्त ०.३ घाला. म्हणजे वर ०.७ (२२ गेजचा तुकडा) आणि खाली २.३.

पण हे सगळं आज करू नका. रिकाम्या चासीवर दार जुळवणं म्हणजे पाया भरायच्या आधी खिडक्यांचं माप घेणं. उघड्या गाडीला छप्पर नाही, सगळा भार सिलवर. वजन आलं की चासी मध्ये बसते आणि चौकटीचं वरचं तोंड आवळतं. आधी गाडी चाकांवर उभी करा, सस्पेन्शनसकट, घोडे काढून. मग इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोल आणि दोन माणसं यांचं वजन त्या त्या जागी ठेवा.

गाळा_नंबर_सात
इंजिन ओव्हरहॉलला गेलंय, महिनाभर तरी येत नाही. तोवर थांबायचं?

फायबरअण्णा
कशाला? सिमेंटची गोणी ५० किलोची असते, काटा लागत नाही. इंजिन-गिअरबॉक्सच्या जागी अडीच-तीन गोण्या, पण बॉडीवर किंवा मजल्यावर नको. इंजिन माउंटवर आडवा अँगल टाकून त्यावर. दोन सीटवर दीड-दीड गोणी. टाकी ३५ लिटरची असेल तर पेट्रोलचे २६ किलो, टाकीच्या जागी अर्धी गोणी. मग परत चारही फटी मोजा आणि वरची-खालची बेरीज इथे टाका. बेरजेत फरक पडला तर तो दाराचा दोष नाही, चासीचा.

वेल्डिंगताई
+१. आणि दादा, शिम घालण्याआधी एक गोष्ट तपासा: दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत आहेत का? दोन्ही पिना काढा आणि वरच्या डोळ्यातून खालच्या डोळ्यापर्यंत एकच सरळ ब्राइट बार (गुळगुळीत सळई) घाला, पिनेच्याच जाडीचा. हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर अक्ष चुकलाय. अशा दाराला शिम लावलात तरी उघडताना ते बिजागरीच्या प्लेटला पीळ देत राहणार. लोखंडी गाडीत पत्रा थोडा वाकून सोसतो, फायबर मात्र बोल्टाभोवती तडकतं. आधी जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा येतात, मग भोक मोठं होतं.

भोकं लांबट करायचीच तर लोखंडी प्लेटमधली करा, फायबरमधली नको. दाराच्या आत ६ मिमी जाड एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट, तिला एम८ चे नट वेल्ड केलेले, आणि ती प्लेट एका डबीत मोकळी, चारही बाजूंना ४-५ मिमी सरकेल अशी. फायबरमधल्या भोकात लोखंडी नळीचा तुकडा, कातडीच्या जाडीएवढा. बोल्ट आवळला की नळी दाब घेते, फायबर चेचलं जात नाही. नळी नसेल तर आज आवळलेला बोल्ट दोन महिन्यांनी आपोआप ढिला मिळतो, कारण फायबरमधलं रेझिन दाबाखाली हळूहळू बसत जातं.

ठाणे_पूर्व
एवढं कशाला? १६-१७ किलोचं दार. कुर्ल्याच्या भंगारातून कुठल्याही हॅचबॅकच्या बिजागऱ्या आणा, फायबरला आरपार बोल्ट मारा, मागे मोठा वायसर. झालं.

वेल्डिंगताई
दार १६ किलोचं, वजनाचा मध्य बिजागरीपासून ४३० वर. १६ × ४३० ÷ २६० = प्रत्येक बिजागरीवर २६ किलोचा आडवा ओढा, वरची बाहेर खेचली जाते, खालची आत दाबली जाते. हे दार नुसतं उघडं असताना. आता कुणी गाडीतून उठताना ६० किलोचा भार दाराच्या टोकावर दिला तर ६० × ९०० ÷ २६० = २०८ किलो. वायसर कातडीतून आरपार येईल. भंगारातल्या बिजागऱ्या जरूर आणा, चांगल्या असतात, पण पिनेतला खेळ तपासा. अर्धा मिमी खेळ दाराच्या टोकाला १.८ मिमी होतो. पितळी बुश नवीन घालून, रीमर फिरवून घ्या.

आणि २६० अंतर कमीच आहे. जागा असेल तर ३०० करा, हे सगळे आकडे तेवढ्या प्रमाणात उतरतील.

ठाणे_पूर्व
बरं, मोठ्या वायसरचा सल्ला मागे घेतो.

रबाळे_नाका
एक बाळबोध शंका. हे सगळं करून पासिंग कुठे होणार? ठाणे की वाशी आरटीओ?

कायदेबाज
कुठेच नाही, सहजासहजी तरी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल नोंदणीकृत गाडीत चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. म्हणजे जुन्या गाडीच्या आरसीवर नवी बॉडी चढवणं बाद. नवीन गाडी म्हणून आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली नमुना मंजुरी, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी. एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार? खासगी आवार, ट्रॅक, प्रदर्शन, एवढंच.

चहाबाज
म्हणजे घोडबंदर रोडवर नेता येणार नाही? अरेरे, तिथली फुकटची टॉर्शन (पिळाची) टेस्ट हुकली.

जुनी_गाडी_प्रेमी
अवांतर: फायबर बॉडीची गाडी आपल्याकडे कारखान्यात बनलेली आहेच. बेंगळुरूची सिपानी डॉल्फिन, १९८२, दोन दारांची, रिलायंट किटनवरून घेतलेली, ८४८ सीसी. लांब दार आणि फायबर यांची जोडी अवघड असते हे तिथेही होतंच.

मिमी_मोजणारा
डॉल्फिनला निदान छप्पर होतं. परत दाराकडे.

मागचा वरचा कोपरा ६ बाहेर, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. तिपाई कुठल्याही जमिनीवर नीट बसते, चार पायांचं टेबल डुगडुगतं. दाराला आत-बाहेर धरणारे बिंदू तीनच: दोन बिजागऱ्या आणि लॅच (दार बंद धरणारा खटका). कोपरे मात्र चार. दाराला पीळ असेल तर तीन बिंदू कितीही फिरवा, एक कोपरा बोंबलणारच. फार तर ती चूक चौघांत वाटून घेता येते.

तुमच्या मापांवर, लॅच मधोमध २४० वर धरून: खालची बिजागरी १ मिमी बाहेर काढली तर मागचा वरचा कोपरा सुमारे ०.९ आत जातो, मागचा खालचा तेवढाच बाहेर येतो आणि पुढचा खालचा १.४ बाहेर येतो. लॅच २ आत घेतला तर मागची अख्खी कड २ आत. दोन्ही केलं तर ६ चे ३ होतात, पण पुढचा खालचा कोपरा १.४ बाहेर राहतो, आणि तेच नको असतं. दाराची पुढची कड मडगार्डापेक्षा अर्धा ते एक मिमी आतच हवी, नाहीतर डोळ्याला लगेच खटकते आणि वाराही तिथेच शिट्टी वाजवतो. मागची कड क्वार्टर पॅनलपेक्षा (दारामागच्या बॉडीपेक्षा) किंचित बाहेर चालते.

फायबरअण्णा
बरोबर. म्हणून पीळ काढायचा तो दारातूनच. लोखंडी दार गुडघा लावून, लाकडी ठोकळा घालून वाकवतात. फायबर दाबलंत तर परत जागेवर येतं.

पीळ आला कुठून तेही सांगतो. साधं पॉलिस्टर रेझिन ७०-८० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं आणि मे महिन्यात गडद रंगाचा पृष्ठभाग उन्हात ६० च्या वर सहज जातो. साच्यातून नुकतंच निघालेलं दार भिंतीला तिरकं टेकवून उन्हात ठेवलं की तसंच पिळलेलं पक्कं होतं. तुमचं दुसरं दार आडवं, चार ठिकाणी आधार देऊन ठेवा.

काढायची रीत: आतली-बाहेरची कातडी चिकटवलेला जोड खालच्या आणि मागच्या कडेला हॅकसॉच्या पात्याने मोकळा करा. पेटीचं एक तोंड उघडलं की तिचा ताठपणा जातो आणि दार हाताने पिळता येतं. मग ते गाडीवरच, बिजागऱ्यांवर टांगून, सगळीकडे ५ मिमीच्या अॅक्रिलिकच्या पट्ट्या घालून, जाड टेपने आणि पाचरींनी बॉडीच्या सपाटीत आवळून धरा. मागचा वरचा कोपरा २-३ मिमी जास्तच आत दाबा, सोडल्यावर तेवढा परत येतो. या अवस्थेत जोड परत भरा: रेझिनमध्ये एरोसिल (घट्ट करणारी पूड) घालून लोण्यासारखी पेस्ट, वरून ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर. पूर्ण २४ तास हात लावायचा नाही.

हार्डनर १०० ग्रॅम रेझिनला दीड ग्रॅम. पावसाळ्यात हवेत ओल असते म्हणून हात सैल सोडून ३ ग्रॅम ओतू नका, गरम होऊन तडे जातात. मॅट मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, ओली मॅट पांढरट राहते आणि थर सुटतात. अॅक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन) रेझिनमध्ये वेगळा घालत असाल तर तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो.

पहिलटकर_बिल्डर
आणि फट कमी-जास्त उरलीच तर? लांबी अजिबात नाही?

फायबरअण्णा
लांबी सपाट भागावर, एक-दीड मिमीपर्यंत. कडेवर नाही. दाराची कड रोज आपटते, लांबीची खपली दुसऱ्याच महिन्यात पडते. कड वाढवायची तर जेलकोट आणि रंग घासून काचेचे तंतू दिसेपर्यंत जायचं, साधारण २५ मिमी पट्टा. समोरच्या कडेवर ५ मिमीची पट्टी, तिच्यावर खाकी टेप, टेपवर वॅक्स. मग दार बंद करून फटीत कापलेल्या मॅटचे तंतू + रेझिन + एरोसिलची खीर भरायची. वाळली की पट्टी ओढून काढा, फट शाळेतल्या पट्टीइतकी सरळ मिळते. कडेची गोलाई दोन्हीकडे सारखी ठेवा. एकीकडे १ मिमी आणि दुसरीकडे ३ मिमी गोलाई असेल तर फट मोजायला सारखी असूनही दिसायला वाकडी दिसते.

गाळा_नंबर_सात
सर्वांचे आभार. गोण्या ठेवून, चाकांवर मोजलं. वरची बेरीज ८.५, खालची १०. म्हणजे चासी?

वेल्डिंगताई
चासी. वर दीड मिमी आवळलं ते उभ्या गाडीत. खड्ड्यात क्षणभर दुप्पट भार येतो, म्हणजे अजून दीड गेलं. फट ५ ची असल्यामुळे दार घासणार नाही कदाचित, पण लॅच रोज खडखडेल आणि बॉडीला चौकटीच्या कोपऱ्यांत तडे जातील.

सिलला एकच ५०×५०×२ आहे, तिथेच गोम आहे. पाइप जाड करून फार फरक पडत नाही, उंची वाढवावी लागते. सिलच्या पोकळीत वर दुसरा ४०×४०×२, मध्यापासून मध्यापर्यंत १५० अंतरावर, आणि मध्ये तिरके दांडे. कागदावर वाकण्याविरुद्धचा ताठपणा सत्तावीसएक पट होतो. जोड, टोकं वगैरे धरून त्यातला बराच गळतो, तरीही हातात मोठी वाढ उरते. दुसरा पाइप दोन्ही टोकांना उभ्या खांबांना पक्का जोडलेला हवा, अधांतरी सोडला तर काही उपयोग नाही. पाइप कळंबोलीहून एकाच लांबीत आणा, सांधे नकोत.

बॉडी उतरवूनच वेल्ड करा. १२ बोल्टच आहेत. ओल्या फडक्याच्या भरवशावर फायबरजवळ आर्क मारणं म्हणजे पेंढ्याशेजारी चूल.

ठाणे_पूर्व
बॉडी परत चढवताना बॉडी-चासीमधले शिम कुठले कुठे होते ते मार्करने लिहून ठेवा. नाहीतर चौकट पुन्हा वेगळीच.

नळपाड्याचा_नट
लॅचचं कुणीतरी बोला. किटबरोबर रोटरी लॅच आलाय, पंजावाला. बसवताना दार उचलून स्ट्रायकरवर (चौकटीवरच्या, लॅच अडकतो त्या खुंटीवर) ठेवलं की छान बसतं.

मिमी_मोजणारा
हीच सगळ्यात मोठी चूक! स्ट्रायकरचं काम दार धरायचं, उचलायचं नाही. दार बिजागऱ्यांवर जुळेपर्यंत स्ट्रायकर गाडीवर असूच नये. तो सगळ्यात शेवटी.

दार हळूहळू बंद करत न्या आणि शेवटच्या २० मिमीत मागच्या कडेकडे बघा. ती वर किंवा खाली हलली तर स्ट्रायकरची उंची चुकली. स्ट्रायकर नेमका कुठे लागतो हे दिसत नसेल तर पंजाच्या तोंडात कणकेचा छोटा गोळा दाबा, दार बंद करून उघडा, ठसा मध्यभागी हवा. मागेही मोकळ्या प्लेटवर नट ठेवा, म्हणजे वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही सरकेल. लॅच दोन टप्प्यांचा आहे ना ते पाहा: पहिला खटका अर्धवट बंद, दुसरा पूर्ण. एकाच टप्प्याचा असेल तर बदला.

पाणी_गळतंय
रबरही नंतरच. बीडिंग (दाराभोवतीचं रबर) लावून अलाइनमेंट केली तर रबर दार बाहेर ढकलतं आणि आपण उगाच बिजागऱ्यांशी झटापट करतो. आधी दार कोरडं जुळवा, मग आतल्या कडेभोवतीची पोकळी मोजा. १२ मिमी फुग्याच्या रबराला सगळीकडे साधारण ८ हवी. एका ठिकाणी ५ आणि दुसरीकडे ११ असेल तर तिथे पाणी येणार आणि इथे दार आपटावं लागणार. ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं रबर) घ्या, साधा काळा फोम एका उन्हाळ्यात चपटा होतो. रबराचा सांधा खाली ठेवा, वर नको.

तपासायला वहीच्या कागदाची पट्टी. दर १०० मिमीला दारात धरून बंद करा आणि ओढा. ओढताना रोध लागला पाहिजे, फाटता कामा नये. रबर लावल्यावर स्ट्रायकर एक-दीड मिमी आत घ्यावा लागेल, तेवढी जागा आधीच सोडा.

आणि दाराच्या तळाला, सगळ्यात खोल जागी, ८ मिमीची तीन भोकं. इथला पाऊस काचेच्या रबरातून आत उतरतोच, त्याला बाहेरची वाट हवी. भोकाच्या कापलेल्या कडेला रेझिनचा हात मारा, नाहीतर कापलेले तंतू पाणी ओढतात.

वेल्डिंगताई
दाराला चेक स्ट्रॅप (जास्त उघडू न देणारा पट्टा) विसरू नका. वाऱ्याने दार मडगार्डावर आपटलं की दोन्ही तडकतात. ६५-७० अंशांवर थांबवा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक चासीच्या खांबाला, फायबरला नाही.

चहाबाज
एवढं वाचून मी आमच्या कपाटाचं दार मोजलं. वर ४, खाली ९. बेरीज कशाशी करू?

मिमी_मोजणारा
कपाटाखाली पुठ्ठा घाला.

गाळा_नंबर_सात
अपडेट. दुसरा पाइप आणि तिरके दांडे टाकले, बॉडी जुन्याच शिमवर परत चढवली. त्याच गोण्यांखाली आता वरची बेरीज ९.७, खालची १०. वरच्या बिजागरीमागे ०.७, खाली २.३. पुढची फट वर ४.८, खाली ५. मागची वर ४.९, खाली ५. मागचं टोक सिलच्या रेषेत. पीळ काढल्यावर तो कोपरा १ मिमी बाहेर उरलाय, बाकी सपाट. रंगाआधी अजून काही?

फायबरअण्णा
उरलेला १ मिमी लॅच अर्धा मिमी आत घेऊन वाटून टाका. सर्फेसर (रंगाखालचा थर) आणि रंग प्रत्येक कडेवर ०.२ च्या आसपास चढतो, म्हणजे ५ ची फट ४.६ होईल, त्याला हरकत नाही. दार उतरवण्याआधी शिमवर "डावी-वर", "डावी-खाली" लिहा आणि बिजागरीच्या प्लेटमधून ४ मिमीची दोन भोकं आरपार पाडून ठेवा. रंगानंतर त्यात ड्रिलची दांडी घातली की प्लेट जशीच्या तशी जागेवर येते. पिनाही काढून पिशवीत भरा, रंगाच्या फवाऱ्यात राहू देऊ नका.

आता उजव्या दाराचे आकडे टाका. "बरं दिसतंय" हे माप नाही.